स्तंभावरची तुटकी किल्ली

फ्रोइलान सेब्रेरोस सतरा वर्षांचा असताना बेर्तांगा शहराच्या शिपायांनी त्याला ओकाची हिरवी फांदी तोडताना पकडलं. जानेवारीचे दिवस होते. आई तापाने फणफणलेली, घरात जाळायला काटकी नाही. शिपायांनी यातलं काही ऐकून घेतलं नाही. रान बेर्तांगाचं, ओढा बेर्तांगाचा, आणि आम्ही ओस्मार्गा गावची माणसंसुद्धा बेर्तांगाचीच, असा तेव्हा कायदा होता. त्याला शहराच्या चौकात नेलं. बेर्तांगाच्या मानचिन्हात किल्ली आहे; त्या किल्लीचा लोखंडी ठसा लोहाराच्या भट्टीत लाल केला आणि त्याच्या दंडावर दाबून धरला. मांस करपल्याचा वास सुटला तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मेंढ्या तरी बें करतात, हा तेवढंही करत नाही!" सगळे हसले.

फ्रोइलान खरंच ओरडला नव्हता. पण ते हसणं त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

पुढे त्याने मेंढ्या वाढवल्या, ब्रिहिदाशी लग्न केलं. त्यांना दोन मुलं झाली, थोरली मेन्सिया आणि धाकटा तोरिबिओ. मेन्सियाने लग्नासाठी पसंत केला तो बेर्तांगाचाच लोहार. हिनेस त्याचं नाव, आणि ज्या भट्टीत तो ठसा तापवला होता ती भट्टी याच्याच बापाची. गावाला वाटलं, आता फ्रोइलान पोरीला घरात कोंडून घालणार. पण तो म्हणाला, "भट्टी त्याच्या बापाची होती, हुकूम त्याच्या बापाचा नव्हता. लोहाराने करायचं काय?" लग्नात तो नाचलासुद्धा. हिनेस धिप्पाड होता आणि लाजाळू. बेसूर गायचा आणि आपण बेसूर गातो हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे दारू पोटात गेल्याशिवाय गायचा नाही. मेहुणा तोरिबिओ त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा आणि हिनेसही त्यांच्यात सामील व्हायचा.

त्या काळात राजा चारी बाजूंनी लढाया करत होता आणि त्याचा खजिना रिकामा होता. म्हणून राजाने गावांना स्वातंत्र्य विकायला काढलं. जे गाव किंमत मोजेल ते आपल्या शहराच्या हाताखालून सुटेल. त्याचा स्वतःचा आल्काल्दे असेल, म्हणजे गावाचा प्रमुखही तोच आणि न्यायाधीशही तोच. त्याला दंड करता येईल, कैद करता येईल, फाशीही देता येईल. फ्रोइलानने हे मनावर घेतलं. वर्षानुवर्षं तो दारोदार फिरला, भांडला, विनवण्या केल्या. शेवटी टेकडीवरचं चराऊ रान विकून आम्ही मोकळे झालो, आणि फ्रोइलान ओस्मार्गाचा पहिला आल्काल्दे झाला.

स्वतंत्र गावाला चौकात न्यायस्तंभ उभारावा लागतो. पायऱ्या, त्यावर दगडी खांब, खांबाला लोखंडी आकडे आणि माथ्यावर मानचिन्हाची ढाल. एका बाजूला राजाची, दुसऱ्या बाजूला गावाची. उत्तरेकडून ओचोआ नावाचा पाथरवट आणला होता. खांब उभा राहिला तसं त्याने विचारलं, "गावाच्या ढालीवर काय कोरू?"

आणि चौकात बाजार भरला.

"मेंढी कोर. आपण जगतो कुणाच्या जिवावर?"

"मेंढी कोरलीस तर बेर्तांगावाले शंभर वर्षं हसतील."

"मग गव्हाची पेंडी."

"तुझ्या शेतातली कोरणार असशील तर दोनच ओंब्या येतील."

मग फ्रोइलान म्हणाला, "ओक कोर. मोठा, फांद्या पसरलेला. आणि त्याच्या मुळांखाली मोडलेली किल्ली."

पाद्री आनिसेतो पुढे आले. म्हातारे होते, त्यांनीच फ्रोइलानचं लग्न लावलं होतं. "फ्रोइलान, ओक पुरे आहे. सुटलास ना? आता दुसऱ्याच्या तोंडात मारायला म्हणून दगड कोरू नकोस. दगड उद्याही तिथेच असतो."

"तिथेच असावा म्हणून तर दगडात कोरतोय, पाद्रीबाबा."

ओचोआने किल्ली कोरली. ती इतकी हुबेहूब कोरली की बेर्तांगाहून आलेल्या मीठवाल्याने ती पाहिली आणि मीठ न विकताच खेचर मागे वळवलं.

संत बार्तोलोम्याच्या सणाच्या आदल्या दिवशी सगळं गाव खळ्यावर होतं. मळणी अर्धी झाली होती. चौकात फक्त भटारखाना चालू होता, आणि तिथे ब्रिहिदा दोघी-तिघींबरोबर सणाच्या भाकरी भाजत होती. तेवढ्यात बेर्तांगाची माणसं आली. पुढे घोड्यावर कोतवाल ओर्दोन्यो, मागे चाळीसेक माणसं, जाड दोर घेतलेली खेचरं आणि घण. घण उचलायला हिनेस होता.

ब्रिहिदा दारात आली. "हिनेस, तू इथे काय करतोस?"

त्याने मान वर केली नाही. "हुकूम आहे, आई. नाही म्हटलं तर भट्टी काढून घेतील. दगड पाडायचाय फक्त. तुम्ही आत जा."

"दगड पाडायचाय फक्त!" ती किंचाळली आणि एका बाईला म्हणाली, "धाव, घंटा वाजव!"

घंटेचा आवाज खळ्यावर पोचेपर्यंत खांबाच्या मानेला दोर पडला होता. एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर चढून ढालीवर पहार मारत होता. ओकाची एक फांदी फुटून खाली पडली तशी बेर्तांगावाल्यांनी आरोळी ठोकली. आमची माणसं जे हाती होतं ते घेऊन धावत आली. कुणाकडे दाताळं, कुणाकडे विळा, कुणाकडे जुवाची खुंटी. ती थेट भिडली. फ्रोइलानने पहिल्या माणसाच्या जबड्यावर खुंटी हाणली, तो दात थुंकत बसला. बायका छपरांवर चढून कौलं फेकायला लागल्या. ब्रिहिदाने भट्टीतली राख फावड्याने उचलून खेचरं हाकणाऱ्याच्या तोंडावर फेकली. तो डोळे धरून ओरडत गोल गोल फिरत राहिला, आणि त्याच्याच खेचराने त्याला तुडवलं. पाणक्या बालदोने पळणाऱ्या एका पोरसवद्या माणसाच्या पोटात दाताळं खुपसलं. दाताळं लाकडी होतं, ते आत मोडलं. तो माणूस त्या मोडक्या दांड्याकडे बघत पायरीवर बसला आणि बसल्या जागी मेला.

या सगळ्यात हिनेस एकटाच खाली मान घालून काम करत होता. पायथ्याच्या सांध्यात पाचर बसवली होती, तो तिच्यावर घण मारत होता. त्याला लवकर संपवून घरी जायचं होतं. दोराचं दुसरं टोक पाचरीच्या बाजूलाच, खेचराच्या खोगिराच्या कडीत अडकवलं होतं. ते कापायला तोरिबिओ विळा घेऊन माणसांच्या पायांमधून रांगत आला. घण वर गेला होता. तोरिबिओ त्याच्या खाली घुसला.

घण एकदा खाली यायला लागला की थांबवता येत नाही.

ब्रिहिदा भटारखान्याच्या दारात होती. तिने पाहिलं.

हिनेसने घण टाकला. तो गुडघ्यांवर बसला आणि तोरिबिओचं फुटलेलं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, जणू नीट धरलं तर ते पुन्हा जुळेल. ओर्दोन्योच्या कपाळावर कौल बसलं होतं, तो घोड्याच्या मानेवर लोंबकळत पळाला. त्याच्यामागे बाकीचेही पळाले. हिनेसला कुणीतरी ओरडून हाक मारली. तो उठला नाही. आमच्या लोकांनी तो दिसताक्षणी त्याला लाथा घातल्या, बालदोने त्याचा डावा हात पायरीवर ठेवून त्याच घणाच्या दांड्याने मोडला. तरी उजव्या हाताने तो तोरिबिओला सोडत नव्हता. शेवटी ब्रिहिदानेच येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रोइलान चौकात खुर्ची टाकून बसला. मुलाचं प्रेत चर्चमध्ये आडव्या टाकलेल्या दरवाज्यावर ठेवलेलं होतं. फ्रोइलानच्या सदऱ्यावर कालचं रक्त तसंच होतं. हिनेसला धान्याच्या तळघरातून वर आणलं. खांब उभा होता, जरा कलला होता.

पाद्री आनिसेतो म्हणाले, "हा तुझा जावई आहे आणि मेलेला तुझा मुलगा. या दोघांमध्ये तू न्याय कसा करणार? कायदा तुला तसं करू देत नाही. याला वायादोलिदला पाठव, मोठ्या कचेरीत. तिथले न्यायाधीश बघतील."

"वायादोलिदला!" गर्दीतून बालदो ओरडला. "म्हणजे बेर्तांगावाले तिथे आधीच जाऊन बसतील. मग स्वतःचा खांब कशाला घेतला? कपडे वाळत घालायला?"

लोक ओरडले, "लटकवा! लटकवा!"

तेवढ्यात मेन्सिया आली. बेर्तांगाहून चालत आली होती, चपला हातात, पाय रक्ताळलेले. ती आधी चर्चमध्ये गेली. तिथून तिचा आवाज आला नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या शालीला भावाच्या केसांतली माती लागली होती. मग ती बापासमोर उभी राहिली.

"बाबा, माझ्या नवऱ्याला बोलू दिलंत का?"

"काय बोलणार तो?"

"ते ऐकल्यावर कळेल."

फ्रोइलान हिनेसकडे वळला. "बोल."

हिनेसला नीट उभं राहता येत नव्हतं. "मी दगड फोडत होतो. तो मध्ये आला. मला दिसला तेव्हा घण निम्म्यात होता. दुसरं काय सांगू? मी मारला नाही, आणि तो माझ्या हातून मेला. दोन्ही खरं आहे."

"तुला इथे यायला कुणी सांगितलं?"

"कोतवालाने. तुम्हीच म्हणाला होतात ना, हुकूम लोहाराचा नसतो."

फ्रोइलान खुर्चीतून अर्धा उठला. "तेव्हा माझं कातडं जळलं होतं. ते मी माफ केलं. हा माझा पोरगा आहे."

"माझा नाही का?" ब्रिहिदा म्हणाली. ती सगळ्यांच्या मागे उभी होती. लोक बाजूला झाले. "फ्रोइलान, मी दारात होते. मी पाहिलं. तोरिबिओ खालून घुसला. याने घण बाजूला वळवायचा प्रयत्न केला, याचं सगळं अंग वाकडं झालं. नाही वळला. इतकंच झालं."

"तुला दुःखाने काही सुचत नाहीये."

"मला दुःखाने सगळं नीट दिसतंय. तुला दिसत नाहीये."

मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "सोडा त्याला." पण लगेच बालदो म्हणाला, "सोडलंत तर उद्या बेर्तांगावाले पुन्हा येतील. त्यांना कळेल की या गावाचा खांब नुसता शोभेचा आहे. पोटात दाताळं घातलेला तो पोरगा माझ्या नावावर आहे, आल्काल्दे. मी तो घेतला. तुम्ही तुमचं घ्या."

फ्रोइलानने खांबाकडे पाहिलं. फांदी तुटलेला ओक, खाली किल्ली. काय विचार केला कोण जाणे. तो म्हणाला, "फाशी. आत्ता."

मेन्सिया ओरडली नाही. बापाच्या अगदी जवळ गेली. "बाबा, त्या दिवशी बेर्तांगाच्या चौकात तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून लोक हसले होते ना? मग आज मी पण ओरडत नाही. बघा, कुणी हसतंय का."

कुणीच हसत नव्हतं. आणि फाशी द्यायलाही कुणी पुढे येत नव्हतं. इतका वेळ लटकवा लटकवा करणारे पायाखालची माती बघत होते. फ्रोइलानने बालदोकडे पाहिलं. बालदो म्हणाला, "मी दाताळ्याचा माणूस आहे. दोराचं मला जमत नाही." आणि तोही मागे सरकला.

तेव्हा फ्रोइलानने स्वतः दोर उचलला. कालचाच दोर, बेर्तांगावाल्यांनी आणलेला. पाद्रींनी हिनेसचं पापनिवेदन ऐकलं, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि ते खाली उतरले. फ्रोइलानने दोर आकड्यावरून टाकला, गाठ मारायला लागला. ती दोनदा सुटली.

हिनेस खालच्या आवाजात म्हणाला, "गाठ नीट मारा. मला जास्त वेळ लावू नका."

गाठ नीट बसली नाही. हिनेस जड होता, दोर जाड होता आणि फास मानेऐवजी जबड्याखाली अडकला. मोडलेला हात लोंबत होता, धड हात वर जाऊन फास ओढत होता. पाय पायरीच्या कडेला घासत होते. घशातून असा आवाज येत होता की छपरावरून बघणाऱ्या बायका कान झाकून बसल्या. फ्रोइलान दोराचं टोक धरून उभा होता. त्याला ओढताही येईना, सोडताही येईना.

ब्रिहिदा पायऱ्या चढली. तिने जावयाचे दोन्ही पाय कवेत घेतले, गाल त्याच्या गुडघ्याला टेकवला आणि आपलं सगळं वजन टाकून ती खाली बसली. आवाज थांबला. ती बराच वेळ तशीच बसून होती.

संध्याकाळपर्यंत मायलेकींनी प्रेत खाली उतरवून, धुऊन खेचरावर चढवलं. तोरिबिओचं दफन झालं, ब्रिहिदाने मूठभर माती टाकली आणि तशीच खेचराच्या मागे बेर्तांगाच्या वाटेला लागली. फ्रोइलान वेशीपर्यंत धावत गेला. "ब्रिहिदा, घर आहे तुझं!"

तिने वळून पाहिलं. "घरात तू आहेस."

बेर्तांगावाले पुन्हा आलेच. या वेळी खांबाकडे फिरकले नाहीत, सरळ खळ्याला आग लावली. वर्षाचं धान्य जळालं. विझवायला गेलेल्यांपैकी तिघे परतले नाहीत. बालदो त्यांत होता. त्याला गुरासारखं दावणीला बांधून मारलं होतं. मग आमच्या लोकांनी त्यांचे कळप कड्यावरून ढकलले. हिवाळाभर हेच चाललं. बर्फातून रक्ताचे माग ओढ्यापर्यंत जायचे आणि कुणाचे ते बघायलाही कुणी जायचं नाही. गावात ब्रेड कमी आणि शवपेट्या जास्त झाल्या, असं पाद्रींनी प्रवचनात सांगितलं. त्यानंतर फार दिवस तेही जगले नाहीत.

शेवटी राजाने सैनिक देऊन न्यायाधीश पाठवला. रुक्ष माणूस, सतत खोकणारा. त्याने दोन्हीकडची माणसं चौकात ओळीने उभी केली आणि सगळ्यांचं ऐकलं. ओर्दोन्योला साखळदंड घालून राजाच्या जहाजांवर वल्ही मारायला पाठवलं. मग त्याने फ्रोइलानला विचारलं, "हिनेसला अपिलाचा हक्क का दिला नाहीस?"

"मला भीती वाटली, हुजूर."

"कसली?"

"की वायादोलिदवाले त्याला सोडतील." फ्रोइलान म्हणाला, "आणि ते बरोबर असेल."

न्यायाधीशाने खोकत लिहायला सांगितलं. फ्रोइलानचं पद गेलं, कळप गेले आणि त्याला बऱ्याच वर्षांसाठी मुलुखाबाहेर हाकलण्यात आलं. गावाचं स्वातंत्र्य राहिलं, कारण राजाने त्याची किंमत घेतली होती. पण किल्ली काढून टाकायचा हुकूम झाला. ओचोआने यायला नकार दिला, म्हणून एका सैनिकाने छिन्नी चालवली. त्याला नजाकत कुठली? त्याने किल्लीबरोबर मुळंही खरवडून काढली. म्हणून आमच्या ढालीवरचा ओक आजही हवेत उभा दिसतो, त्याची एक फांदी कमी, आणि शाळेतली पोरं त्याला केरसुणी म्हणतात.

हद्दपारी संपली तेव्हा फ्रोइलान म्हातारा झाला होता. तो ओस्मार्गाला आला नाही. बेर्तांगाला गेला. शहरात त्याला कुणी ओळखलं नाही, किंवा ओळखून कुणी हात उगारला नाही. लोहाराच्या दुकानात आता मेन्सियाचा दीर काम करत होता आणि मेन्सिया भाता ओढत होती. फ्रोइलान रस्त्यातच उभा राहिला.

ब्रिहिदा बाहेर आली. तिने विचारलं, "जेवलास?"

"नाही."

तिने आतून चण्याच्या रश्शाचं वाडगं आणि ब्रेडचा तुकडा आणला. आत ये म्हणाली नाही. तो दगडावर बसून जेवला. अर्धा रस्सा दाढीवर सांडला. तिने ते पाहिलं आणि पुसायला पुढे झाली नाही.

"मेन्सिया येईल का बाहेर?" त्याने विचारलं.

"विचारून पाहते."

ती आत गेली. भाता थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. ब्रिहिदा परत आली नाही. फ्रोइलानने वाडगं दगडावर ठेवलं आणि तो मेंढपाळांच्या वाटेने डोंगराकडे निघून गेला. पुढच्या वसंतात तो तिथल्याच एका झोपडीत मेला. ब्रिहिदा त्याला पुरायला गेली नाही. मेन्सिया गेली. मेंढपाळ सांगायचे, ती खड्डा बुजेपर्यंत थांबली आणि मग तिथेच जमिनीवर बसून मोठ्याने, अगदी मोठ्याने रडली.